दुसरं पत्रक

१६ डिसेंबर, मंगळवार

आभा महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहणार आहे. आज सकाळी पोहे परतता परतता तिने मला हे सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. तेवढंच जरा लागलं.

आपल्या ख्रिस्ती माणसांनी राजकारणात पडू नये, असं मी चर्चच्या मंडळीच्या सभेत किमान चार वेळा बोललो आहे. एकोणीस वर्षं सेक्रेटरी असल्यामुळे ते माझ्याच हस्ताक्षरात इतिवृत्तात आहे. मी तिला म्हटलं, "आपलं खरं राज्य वर आहे. खाली काय चाललंय ते खालचे बघून घेतील." झारा कढईवर आपटून ती म्हणाली, "अहो, वाडीतल्या पोरांना जुलाब खालीच होतात."

ती तीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स होती, जूनमध्ये निवृत्त झाली. टेकडीखालच्या कातकरी वाडीतलं प्रत्येक पोर तिने टोचलेलं आहे. बोअर बंद पडला, नळाची फाईल कुठल्याशा टेबलावर पडून राहिली, अर्ज करकरून ती थकली. "कोपऱ्यात बसून प्रार्थना करते तशी एकदा सभागृहात उभी राहूनही बोलते," म्हणाली. अपक्ष उभी राहणार, कुठलाही पक्ष नको.

दुपारपर्यंत माझा विरोध मावळला. प्रचाराचं लिखाण कोण करणार हा प्रश्न होताच. एकतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस घरातच असताना बाहेर कशाला जायचं?

१७ डिसेंबर, बुधवार

आमच्या घरी प्रार्थनासभा. अकरा माणसं. नेहमीप्रमाणे प्रत्येकाने आपापला प्रार्थनेचा विषय सांगितला आणि मी वहीत लिहून घेतला. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न. सुनिता दर शनिवारी वाडीतल्या मुलांना शिकवायला जाते. ती म्हणाली, "परवापासून वाडीचं पाणी बंद आहे. काशिरामभाऊंनी बंद केलंय. प्रभूने त्यांचं मन वळवावं."

काशिराम म्हणजे आभाच्या विरोधातला मुख्य उमेदवार. गावठाणातलं जुनं घर, ट्रॅक्टर, माणसांचा राबता. नाव ऐकून मी लेखणी जरा जोरातच दाबली. सगळ्यांनी डोळे मिटून कळकळीने प्रार्थना केली. माझे मात्र मध्येच उघडले, कारण मुद्दा सापडला होता. प्रभू हा असा न मागता देतो.

२१ डिसेंबर, रविवार

उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये आभाच्या उमेदवारीची सूचना मी स्वतः लिहून नेली होती. फक्त सहा वाक्यं. आमच्या चर्चचे पाळक देवेश म्हणाले, "सर, व्यासपीठावरून नको." बत्तीस वर्षांचा मुलगा! त्याच्या निवडीच्या वेळी मीच त्याची बाजू लावून धरली होती. मी आभाकडे पाहिलं, तर ती त्यालाच मान डोलावत होती.

त्यावर कळस म्हणजे यंदा ती कॅरलच्या फेरीलाही येत नाही. "लोक दार उघडतात ते येशूच्या जन्माचं गाणं ऐकायला. मी त्यांच्या दारात मतं घेऊन कशी उभी राहू?" मी म्हटलं, अगं, गाणं म्हणायचं आहे, मत मागायचं नाही. "माझा चेहरा बघितल्यावर त्यांना तेच ऐकू येणार," म्हणाली.

गेलो एकटाच. आभाविना बायकांचा सूर लागेना आणि पुरुषांचा मुळातच नसतो. अशाने निवडणूक जिंकतात होय?

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, भरलं होतं. रिवाजाप्रमाणे पाळकांनी नव्या पाहुण्यांना उभं राहून नाव सांगायची विनंती केली, तर मागच्या बाकावरून काशिराम उभे! पांढरेशुभ्र कपडे, हातात केकचा खोका. मी लगेच घड्याळाकडे पाहिलं, कारण आमच्यात नाव सांगायला उभा राहिलेला माणूस वीस मिनिटं बोलला तरी कुणी बसवत नाही.

ते म्हणाले, "काशिराम. गावठानातला." आणि बसले. एवढंच. मग पूर्ण उपासनाभर बसून राहिले, गाण्याला उठले, प्रार्थनेला मान खाली घातली. काय नाटकी माणूस आहे! आभाने त्यांना फूल दिलं आणि वर प्लेटभर करंज्या. मी लांबूनच नमस्कार केला.

४ जानेवारी, रविवार

चिन्ह मिळालं कुकर. मी टॉर्चसाठी प्रार्थना केली होती, अंधारात प्रकाश वगैरे लिहिता आलं असतं. असो. कुकरवरही लिहिलं आहे आणि बरं लिहिलं आहे.

पत्रक आज छापायला गेलं. मध्यभागी ठळक अक्षरात माझं वाक्य: ‘ज्यांनी गरिबांच्या वाडीचे पाणी तोडले, त्या काशिराम यांना आपण आपल्या घरचा नळ सोपवणार का?’ आभा दिवसभर दारोदार फिरून आली होती, पाय कोमट पाण्यात बुडवून बसली होती. तिने वाचलं आणि विचारलं, "हे नक्की ना?"

मी म्हटलं, "प्रार्थनासभेत आलेला विषय आहे. वहीत आहे." बसलेल्या अकराच्या अकरा जणांनी देवापुढे आमेन म्हटलेली गोष्ट आणखी किती नक्की असायला हवी? ती बरं म्हणाली आणि तशीच डोळे मिटून पडली.

७ जानेवारी, बुधवार

तीन हजार पत्रकं तीन दिवसांत घरोघर गेली. खारघरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या शेजारच्या रमाताईंनी मुद्दाम वर येऊन सांगितलं, "सर, ते नळाचं वाक्य काय जमलंय हो!" वाण्याच्या दुकानात दोघे जण तेच वाक्य बोलत होते. मी उगाच साबुदाण्याचा भाव विचारत तिथे घुटमळलो. शब्दाची ताकद म्हणतात ती ही.

दुपारी आभा वाडीतल्या कुणाशी तरी फोनवर फार वेळ बोलली. बोलली कसली, ऐकलंच जास्त. मग जेवली नाही. प्रचाराचा ताण असणार. संध्याकाळी म्हणाली, "उद्या वाडीवर जायचंय. औषधांची पिशवी जड आहे, धरायला चला."

एरवी मी गेलो नसतो, पण पुढच्या पत्रकासाठी वाडीचं वर्णन प्रत्यक्ष बघितलेलं बरं, असा मी विचार केला.

८ जानेवारी, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

निम्मी वाडी वीटभट्टीवर गेलेली. मागे म्हाताऱ्या आणि पोरं. पारू म्हणून एक बाई आहे, वाडीची पुढारीण म्हटलं तरी चालेल. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती खालच्या एका शेतघराच्या विहिरीवरून चढत येत होती. आभाने हंडे उतरवून घेतले. मी वही काढून विचारलं, "काशिरामभाऊंनी पाणी कसं तोडलं ते नीट सांगा."

पारू माझ्याकडे बघतच राहिली. "भाऊनं? मास्तर, त्यानंच तर पाजलं आमाला! बोअर मेला तवापासून तीन वरसं त्याचा टँकर येतो. रुपाया घेतला नाय. आता निवडनूक लागली तवा सायब आलं आन् म्हनलं, तू उमेदवार हायस, फुकट काय वाटायचं नाय. म्हनून बंद झाला. भाऊ सोता येऊन सांगून गेला. म्हनला, मत पडलं की दुसऱ्या दिवशी टँकर उभा."

मग तिने विचारलं, "तो कागद कुनी लिवला, वैनी?"

आभा म्हणाली, "आम्ही." मी लिहिला, असं नाही म्हणाली.

परतताना रिक्षात मी म्हटलं की सुनिताने नीट चौकशी करायला हवी होती. आभा म्हणाली, "तिने प्रार्थनेला विषय दिला होता. छापायला कुठे दिला होता?" बरं झालं मी चौकसपणे वही काढली, नाहीतर हे कधीच उघडकीला आलं नसतं.

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळीच जुंपली. आभाला दुसरं पत्रक काढायचं आहे. पहिलं खोटं होतं असं सांगणारं! मी समजावलं. सहा दिवसांवर मतदान आलंय. इतर उमेदवार एकमेकांबद्दल काय काय लिहितात, त्यापुढे आपलं एक वाक्य म्हणजे काहीच नाही. आणि चूक जाणूनबुजून केलेली नाही. निवडून आल्यावर काशिरामांकडे जाऊन माफी मागू, हवं तर मी स्वतः मागतो.

ती म्हणाली, "नववी आज्ञा काय आहे हो?"

मी एकतीस वर्षं शिक्षक होतो, मला तोंडी परीक्षा! खोटी साक्ष देऊ नकोस, म्हटलं. "त्यात निवडणुकीपुरती सूट आहे का?" मग ती एकदम रडली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला दोनदा रडताना पाहिलंय. "मला वाटलं होतं, मी तिथे जाऊन काहीतरी वेगळं करीन. आणि तिथलं दार ठोठावायच्या आतच मी त्यांच्यासारखी झाले. तुम्ही लिहिलंत, पण खाली नाव माझं आहे. मी विचारलं आणि दमले होते म्हणून सोडून दिलं."

पाळक देवेशना बोलावलं. मला वाटलं, शहाणपणाचं काहीतरी सांगून तिला थांबवतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहिलं पत्रक तीन हजार घरांत गेलंय ना? मग दुसरंही तीन हजार घरांतच जायला हवं. मी वाटायला येतो." व्यासपीठावरून सूचना चालत नाही आणि हे चालतं!

दुसरं पत्रक मी लिहिलं नाही. तिने लिहिलं, पाच ओळी. मी फक्त शुद्धलेखन तपासलं. एकही चूक नव्हती.

मग आम्ही काशिरामांकडे गेलो. ओटीवर पंधरा-वीस माणसं. आमचं पहिलं पत्रक तिथे टीपॉयवर पडलेलं, त्यावर चहाचे कप. आभाने उभ्यानेच दुसरं त्यांच्या हातात दिलं. "भाऊ, उद्या हे छापतेय. आधी तुम्ही वाचा."

त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "वैनी, हा काय नवा डाव हाय?"

"डाव नाही. खोटं लिहिलं होतं, ते पुसतेय."

"लोक मलाच मतं टाकतील की."

"टाकू देत."

कुणीतरी हसलं. काशिराम हसले नाहीत, त्यांनी त्या माणसाला बाहेर जायला सांगितलं. मग आभा म्हणाली, "टँकर तुम्हाला देता येत नाही, मला देता येत नाही. पण सरकारी टँकर मागायला कायदा आड येत नाही ना? मी अर्ज आणलाय. दोघं सही करू." पिशवीतून अर्ज काढला. मला माहीतही नव्हता. दोघांनी त्या टीपॉयवर, कप बाजूला सारून, एकाखाली एक सह्या केल्या.

तिथून निघताना मी भलत्याच चपला घातल्या. रागाच्या भरात असणार.

११ जानेवारी, रविवार

संध्याकाळी चौकात सभा. आमच्या सभेला एरवी चाळीस माणसं, आज तीनशे. बातमी फुटली होती. काशिरामांची पोरं मोबाईल वर धरून पुढेच उभी. आभाने माईक घेतला आणि म्हणाली, "आमच्या पहिल्या पत्रकातलं एक वाक्य खोटं होतं. दुरुस्ती वाचून दाखवतो आहोत." आणि माईक माझ्याकडे केला. हळूच म्हणाली, "अहो, वाक्य तुमचं होतं. तुम्ही वाचा."

एकतीस वर्षांत मी कुठल्या वर्गासमोर ‘माझं चुकलं’ म्हटल्याचं मला आठवत नाही. फळ्यावर चुकलं तर पुसून पुढे जायचं. इथे पुढे कुठे जाणार? समोर माझेच तीन-चार जुने विद्यार्थी, एक तर आता स्वतः शिक्षक आहे.

वाचलं. ‘काशिराम यांनी वाडीचे पाणी तोडले असे आम्ही छापले. ते खोटे आहे. त्यांनी तीन वर्षे स्वतःच्या टँकरने, एक रुपयाही न घेता, वाडीला पाणी दिले. आम्ही चौकशी न करता लिहिले. आम्ही त्यांची आणि तुमची क्षमा मागतो.’

कुणी टाळी वाजवली नाही, शिट्टी वाजवली नाही. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागून एक म्हातारबुवा ओरडले, "मास्तर, मागं ऐकू आलं नाय! परत वाचा!"

परत वाचलं. या खेपेला मोठ्याने, शब्द सुटे करून, वर्गात वाचतो तसं. आणि खरं सांगतो, दुसऱ्यांदा वाचताना जीभ अडखळली नाही. शेवटी ‘हे वाक्य मी लिहिलं होतं, माझ्या पत्नीने नाही’ असं जोडलं. ते पत्रकात नव्हतं.

मग टाळ्या झाल्या. आभासाठी असणार.

१५ जानेवारी, गुरुवार

मतदान झालं. सरकारी टँकर कालच वाडीवर पोचला, पारूचा फोन आला. दिवसभर आभा तेच सांगत होती. मत कुणाला पडतंय ते एकदाही विचारलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

हरलो. दोनशे अठ्ठ्याऐंशी मतांनी.

मतमोजणीच्या ठिकाणी एक जण मला म्हणाला, "सर, ते दुसरं पत्रक काढलं नसतं तर आज गुलाल तुमचा होता." मलाही तेच वाटत होतं, अगदी सकाळपासून. पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर टाळकंच फिरलं. म्हटलं, "तुमच्या घरी कुणी हरायची तयारी ठेवून खरं बोललंय का आजवर? माझ्या घरी बोललंय. बाजूला व्हा."

बाहेर येऊन बघतो तर आभा काशिरामांच्या बायकोचं अभिनंदन करत होती. चेहरा उतरलेला होता, लपवत नव्हती. पण मान ताठ. मी लांबून बघत राहिलो. मग जाऊन तिच्या हातातली पिशवी माझ्याकडे घेतली.

१८ जानेवारी, रविवार

उपासनेत राज्यकर्त्यांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी करायची प्रार्थना आज आभाने केली. नगरसेवक काशिराम यांना शहाणपण, आरोग्य आणि गरिबांची आठवण दे, असं मागितलं. आमेन म्हणायला मला क्षणभर उशीर झाला, पण म्हटलं.

२० जानेवारी, मंगळवार

आज आभा, पारू आणि मी वाडीच्या नळाची फाईल घेऊन काशिरामांच्या नव्या ऑफिसात गेलो. गर्दी होती. हार, पेढे, खुर्च्या कमी. आम्हाला बघून ते स्वतः उठले, पारूला आधी बसवलं.

बसल्यावर माझं लक्ष त्यांच्या मागच्या भिंतीकडे गेलं. काचेच्या फ्रेममध्ये आमचं दुसरं पत्रक. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

काशिराम म्हणाले, "काय बघता मास्तर? इरोधात उभ्या ऱ्हायलेल्या मानसानं माज्याबद्दल खरं लिवलेला कागद हाय तो. असला दुसरा कुनाकडं असल तर दाखवा मना. हार सुकतील, त्यो ऱ्हाईल."

आयुष्यभर मी लेख लिहिले, अहवाल लिहिले, निरोपाची मानपत्रं लिहिली. भिंतीवर गेलं ते आभाचं, पाच ओळींचं.

मग आभा म्हणाली, "भाऊ, तो कागद आता उतरवू नका हं. येणारा-जाणारा वाचतोय की वाडीला पाणी तुम्ही देता. नळ आला नाही तर आता तो कागद खोटा ठरेल. आणि या वेळी दुरुस्ती तुम्हालाच छापावी लागेल."

काशिरामांनी मान वळवून फ्रेमकडे बघितलं, मग आभाकडे, मग फाईलकडे. "वैनी," ते म्हणाले, "हारल्या तुमी का मी, तेच मना कलत नाय." आणि फाईल पुढे ओढून पत्र लिहायला बसले. कुणाकुणाला फोन लावले, तारीख मागितली, ती आभाने तिथेच लिहून घेतली. पारू त्या तारखेवर बोट ठेवून बसली होती.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी अनोळखी गृहस्थ होते. त्यांनी मला विचारलं, "या बाई कोण?"

मी उभा राहिलो. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हटलं, "ही आभा. माझी बायको." तेवढ्याने समाधान होईना, म्हणून ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.